आठ माणसं कमी

१८ फेब्रुवारी १९२४, सोमवार

लंडनहून जाड लखोटा आला. कॅप्टन हॉल्सनी तो फोडून माझ्या टेबलावर ठेवला. "मिसेस पास्क, तीन प्रती करा. त्याआधी चहा मिळाला तर देव तुमचं भलं करील," म्हणाले. देवाला माझं भलं करायचं असेल तर चहाची वाट बघत बसायचं कारण नाही, पण चहा केला.

टाइप करण्याआधी सगळं वाचायची मला सवय आहे. प्रत्येक रेजिमेंटने महायुद्धातल्या लढायांची दहा नावं निवडायची. ती सोन्याच्या जरीने राजाच्या निशाणावर विणली जातील. चार वर्षांचं युद्ध आणि नावं दहा. नियमही आहे. ज्या लढाईत बटालियनचं मुख्यालय आणि निदान निम्मी माणसं हजर होती, तिचंच नाव मागता येईल. पुढे मंजूर नावांची यादी. चौथ्या पानावर, तळाशी: ब्वा-रनार, १२ एप्रिल १९१८.

टाइप करताना त्या ओळीपाशी बोटं थांबली. टाइपरायटरच्या दांड्या एकमेकींत अडकल्या. त्या सोडवायला बराच वेळ लागला.

माझा मुलगा लेन गेल्याचं छापील पत्र आलं, त्यात जागेचं नाव नव्हतं. ते नंतर पलटणीच्या पाद्र्याने कळवलं, ब्वा-रनार; फ्रेंचमध्ये 'ब्वा' म्हणजे रान. लेन तिथे मेला, पण सापडला नाही. तिकडे परदेशात एक भिंत बांधणार आहेत, तिच्यावर अकरा हजार नावांत 'पास्क, एल.' असेल. मी तिथपर्यंत कधी जाणार नाही. पण निशाण आमच्या हार्नबरोतच असतं. वर्षातून दोनदा रस्त्यावरून जातं आणि लोक टोप्या काढतात. त्यावर ते रान असावं.

एवढंच मागणं आहे. कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते.

२० फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. शेगडीजवळ बसून पावाला चरबी लावून खात होते. एकोणऐंशीव्या वर्षीही मिशीला मेण लावतात, आणि मग मिशीलाच चरबी लागते.

"कुठली रेजिमेंट निवडणार म्हणालीस?"

"आपली. हार्नशायर."

"माझी नव्हे. माझी एकशे चौदावी. हार्नशायर म्हणजे सरकारी कागद आहे."

हे मी चाळीस वर्षं ऐकते आहे. १८८१ साली वरून हुकूम आला, सगळ्या पलटणींचे आकडे गेले आणि त्यांना जिल्ह्यांची नावं मिळाली. बाबा तेव्हा कलर सार्जंट होते. मी दोन वर्षांची होते, बराकीत जन्मलेली. आई सांगायची, त्या दिवशी खांद्यावरचे पितळी आकडे काढून द्यायचे होते तर बाबांनी ते गिळले असं सांगितलं. अर्थातच ते त्यांच्या ट्रंकेत आहेत.

"हेस्टर, नावाच्या फार मागे लागू नकोस," म्हणाले. "आपल्याला 'अर्धेपाव' का म्हणतात, माहीत आहे ना?"

"वेढ्यात आपल्या माणसांनी अर्धा पाव खाल्ला आणि अर्धा शेजारच्या पलटणीला दिला, म्हणून."

"ते पुस्तकात. माझ्या पहिल्या सार्जंटचा बाप त्या वेढ्यात होता. तो सांगायचा, अर्धा पाव क्वार्टरमास्तरने बाहेर विकला." हसताना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. "पण नाव छान पडलं. छान नाव कुठून आलं, ते कोण विचारतं?"

२ मार्च, रविवार

सेंट ऑस्विनमध्ये आमच्या बाकावर बरोबर डोक्यावर बाबांच्या एकशे चौदाव्या पलटणीचं जुनं निशाण टांगलेलं आहे. निशाण एकदा देवळात ठेवलं की त्याला हात लावायचा नाही, धुवायचं नाही, सुई तर मुळीच लावायची नाही. त्याने आपलं आपण झिजून धूळ व्हायचं. रेशीम आता जाळीसारखं झालंय. आठ वर्षांची असताना एकदा बाकावर जरीचं एक अक्षर पडलेलं सापडलं आणि मी ते खिशात घातलं. बाबांनी घरी आल्यावर बघितलं, कोट घातला, मला घेऊन भर पावसात देवळात परत आले. "जिथे पडलं तिथेच ठेव," म्हणाले. मी ठेवलं.

आज प्रार्थनेत लक्ष नव्हतं. वर बघून मोजत होते, नवीन नाव कुठल्या बाजूला बसेल.

११ मार्च

पहिल्या बटालियनच्या युद्धरोजनिशीची पेटी उघडली. ही रोजनिशी रोज मोर्च्यावरच लिहायची असते. एप्रिल १९१८ ची पानं फार वाईट अवस्थेत आहेत. चिखल, मेणाचे डाग, एका पानावर बुटाचा ठसा. बारा तारखेचं पान मात्र देवाच्या कृपेने स्वच्छ आहे. शाई काळी, अक्षर सरळ, एक डाग नाही. मला वाचायला अगदी सोपं गेलं. 'मुख्यालय लाल शेतघरात. सायंकाळी चारपर्यंत तिथेच.' शेतघर रानाच्या मागे, पाऊण मैलावर.

त्या दिवशी बटालियनची माणसं सहाशे बारा. रानात होत्या त्या 'अ' आणि 'क' कंपन्या, माणसं दोनशे अठ्ठ्याण्णव.

निम्मे म्हणजे तीनशे सहा.

तीनदा बेरीज केली. आठ माणसं कमी.

१४ मार्च

समितीची बैठक. अध्यक्ष कर्नल थ्रिंग, आता निवृत्त, पण अठरा साली बटालियन त्यांच्याच हाताखाली होती. मी कोपऱ्यात लघुलिपीत टिपत होते. मोठी नावं भराभर ठरली. त्यांवर कोण वाद घालणार? आठ झाली. कॅप्टन हॉल्स यादीत पुढे सरकले. "ब्वा-रनार, साहेब?"

"वगळा."

"दोन कंपन्या जवळजवळ संपल्या तिथे, साहेब."

"नियमात बसत नाही. तुमच्याच टाइपिस्टने आकडा काढलाय ना?" आणि उठून खिडकीशी गेले. तिथून मैदानावर कवायत चाललेली दिसते. बराच वेळ बघत उभे राहिले. मला वाटलं, किती लागलंय यांना ते अजून.

बैठक संपल्यावर मी कॅप्टनसाहेबांजवळ रेंगाळले. ते त्या लढाईत नव्हते, त्यांना लेनचं माहीत नव्हतं. सांगितलं. "तो निरोप्या होता, साहेब. रानातून मुख्यालयाकडे निरोप न्यायचा. निरोपे कंपनीच्या पटावर नसतात, मुख्यालयाच्या पटावर असतात. म्हणजे मी मोजलं त्यात तो धरलेलाच नाही."

त्यांनी पेन्सिल दातांत धरली. तरुण आहेत, अवघड गोष्ट आवडते त्यांना. "असे अजून सात शोधा, मिसेस पास्क. कंपनीच्या पटावर नसलेले, पण रानात असलेले. मग बघू."

लेन धरून एक. सात हवेत.

५ एप्रिल, शनिवार

जॉब क्रेक. तेव्हा मुख्यालयाचा स्वयंपाकी, आता रेल्वे पुलाखाली तळलेल्या माशांचं दुकान. शनिवारी दुपारी रांग होती. मी रांगेत उभी राहिले.

"काय देऊ, बाई? कॉड आहे, आणि कॉडच आहे."

मी नाव सांगितलं.

हातातला झारा कढईवर तसाच राहिला. "लेनी पास्कची आई?" मग मागे वळून बायकोला, "डोरा, तू बघ जरा." मला मागच्या खोलीत बटाट्यांच्या पोत्यावर बसवलं. स्वतः उभाच राहिला.

तो रानात होता. त्या सकाळी तो आणि त्याचा मदतनीस गोड चहाचे दोन डबे घेऊन रानात गेले होते. "एक डबा गोळीने फुटला. पोरं शिव्या द्यायला लागली, मला नव्हे, जर्मनांना. चहा सांडला म्हणून." मदतनीस तिथेच मेला. म्हणजे अजून दोन मिळाले, लेन धरून तीन.

"मग तू परत का नाही गेलास शेतघरात?"

"कुठे परत जायचं, बाई?"

मारा फार असेल. मी टिपून घेतलं, 'तोफांच्या माऱ्यामुळे परतणे अशक्य.' त्याने ते वाचलं आणि सही केली. सहीवर तेलाचा अंगठा उमटला. निघताना माझ्या हातात कागदात बांधलेला मासा दिला आणि म्हणाला, "तुमचा पोरगा चांगला होता." सगळेच म्हणतात तसं. पण मासा घरी येईपर्यंत गरम होता, आणि बाबांनी सगळा खाल्ला.

१२ एप्रिल

सहा वर्षं झाली. काही लिहावंसं वाटत नाही.

२७ एप्रिल, रविवार

अप्पर क्लीव्हला जाऊन आले. सात मैल, त्यातले चार पायी. एब हॉब्डे तेव्हा स्ट्रेचर उचलायचा, आता घरीच बूट दुरुस्त करतो. बायको दारातच भेटली.

"पलटणीकडून आलात? आता काय न्यायचं राहिलंय? त्याच्या डाव्या पायाची बोटं नेलीत. हवं तर तीसुद्धा शिवा निशाणावर."

"फॅनी, गप बस. पास्कबाई आहेत या."

ती गप्प बसली. लगेच, एकदम. मग मला बसायला स्वतःची खुर्ची दिली.

एबने बाकीची नावं सांगितली. चार स्ट्रेचरवाले रानात होते, दोन मेले, तो स्वतः आणि विल्मट वाचले. तारा जोडणारा ट्रिगही होता, तो आता ब्रिस्टलला. लेन, क्रेक, क्रेकचा मदतनीस, चार स्ट्रेचरवाले, ट्रिग. आठ! मी मोठ्याने मोजले असावेत. एब माझ्याकडे बघत होता, तोंडात खिळे तसेच.

"लेनीला बघितलंस तू?"

खिळे काढून एकेक करून ओळीने मांडले. "तीनदा गेला, बाई. तीनदा आला. रानातले आमचे कॅप्टन लीथ प्रत्येक वेळी विचारायचे, मुख्यालयाचं उत्तर काय? तो म्हणायचा, उत्तर नाही, साहेब."

"कर्नलसाहेबांना किती कामं असतील तेव्हा. सगळ्या बाजूंनी विचारणा होत असणार."

"हो," एब म्हणाला. "कामं असतील."

मागे फॅनीने पातेलं इतक्या जोरात आपटलं की मी दचकले. संतापी बाई आहे. मला वाटतं नवऱ्याच्या पायामुळे.

कॅप्टनसाहेबांनी निवेदनाचा मसुदा करून दिला आहे: 'मी बटालियनच्या मुख्यालयाबरोबर ब्वा-रनार येथे हजर होतो.' एबने ते दोनदा वाचलं. मग बूट मापायची पेन्सिल घेऊन 'मुख्यालयाबरोबर' हा शब्द खोडला आणि सही केली. "मी हजर होतो, तेवढं खरं," म्हणाला.

येताना पाऊस नव्हता. कुंपणांवर पांढरी फुलं होती. किती दिवसांनी मला काहीतरी बघावंसं वाटलं.

६ मे

विल्मटचं निवेदन टपालाने आलं, ट्रिगचंही, आणि क्रेकने या मसुद्यावर नव्याने सही करून दिली. तिघांनीही तोच शब्द खोडलेला. विल्मटने तर इतका जोर लावलाय की कागद फाटलाय.

कॅप्टनसाहेब म्हणाले, "पक्की प्रत करताना मसुदा आहे तसाच ठेवा. ही साधी माणसं, त्यांना कुठे कळतं? ते आठ जण मुख्यालयाच्या पटावर होते. ते रानात, म्हणजे मुख्यालय रानात. सगळी मागणी त्या एका शब्दावर उभी आहे."

पटण्यासारखं आहे. तरी पेन्सिलीची ती रेघ डोळ्यांसमोर येत होती. खोडलेलं टाइप करायचं नाही, हे मला कामाच्या पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. दुपारपर्यंत इतर पत्रं केली. मग लेनचा विचार केला आणि टाइप केलं. तीन प्रती. शिवाय कार्बनची चौथी पुसट निघाली, ती फेकवेना म्हणून घरी आणली.

१९ मे

कर्नलसाहेबांना कागद दाखवले. मी खोलीतच होते. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"ही सगळी माणसं हे म्हणतात? मुख्यालयाबरोबर होतो म्हणून?"

"सह्या आहेत, साहेब," कॅप्टन म्हणाले.

"हॉब्डेसुद्धा?"

"हॉब्डेसुद्धा."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मिसेस पास्क, तुमचा मुलगा... तुम्हाला हे नाव हवं आहे?"

"होय, साहेब. दुसरं काही नको."

सही करायला त्यांना दोनदा पेन बुडवावं लागलं. गरीब बिचारे. त्या दिवसाची आठवण त्यांनाही सहन होत नाही. मी त्यांना मार्चमध्ये मनातल्या मनात किती नावं ठेवली होती! घरी येऊन रडले, पण चांगलं रडले.

३० जून

कर्नलसाहेब किती बदलले आहेत. आज पलटणीच्या माजी सैनिक मंडळाच्या जेवणाचं भाषण लिहून घ्यायला बोलावलं होतं. त्यात होतं, 'मुख्यालय रानाच्या अगदी मागे होतं.' संध्याकाळी दुरुस्ती पाठवली, 'रानाच्या कडेला.'

बाबांना कौतुकाने सांगितलं. त्यांनी पाइप झटकला. "हेस्टर, त्या दिवशी कर्नल कुठे होता, ते कुणाला विचारलंस का?"

"शेतघरात, बाबा. रोजनिशीत लिहिलंय, स्वच्छ अक्षरात."

"स्वच्छ?"

"अगदी. त्या महिन्यातलं तेवढं एकच पान स्वच्छ आहे."

ते पाइप पुन्हा भरायला लागले. हल्ली बोलता बोलता त्यांचं लक्ष कुठेतरी जातं.

३ नोव्हेंबर

मंजुरी आली! दहावं नाव ब्वा-रनार. निशाण लंडनला विणायला गेलं. भाषणाचा मसुदाही पुन्हा आला. आता त्यात आहे, 'त्या रानात आम्ही.'

२१ जानेवारी १९२५

बाबा गेले. छातीत कफ झाला होता, चार दिवस. शेवटी शुद्ध नव्हती, पण बोटं ब्लँकेटवर काहीतरी मोजत होती. ट्रंकेत पितळी आकडे निघाले, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेले, पॉलिश केलेले.

पाथरवट म्हणाला, "दगडावर रेजिमेंटचं पूर्ण नाव घालू ना? हार्नशायर?"

"एकशे चौदा," मी म्हटलं. "फक्त आकडा."

"लोकांना कळणार नाही, बाई."

"ज्यांना कळायचं ते त्यांच्या शेजारीच पुरलेत."

हे वाक्य माझं नव्हे, त्यांचंच. घरात बोलायला कुणी नाही म्हणून त्यांच्यासारखं बोलते आहे बहुतेक.

१२ जुलै, रविवार

निशाण परत आलं, आज संचलन झालं. वाचलेल्या चौघांना मी स्वतः आमंत्रणं टाइप केली होती, पहिल्या रांगेतल्या खुर्च्या, रेल्वेचं तिकीट पलटणीकडून. क्रेक, हॉब्डे, विल्मट, ट्रिग. कार्ड मीच खुर्च्यांवर लावली.

चारही खुर्च्या रिकाम्या राहिल्या. क्रेकचं दुकान तर मैदानापासून दहा मिनिटांवर आहे.

निशाण माझ्यासमोरून गेलं. वारा नव्हता, त्यामुळे अक्षरं घडीत गेली होती. मग निशाण धरणाऱ्या अधिकाऱ्याने वळण घेतलं आणि क्षणभर दिसलं, खाली उजवीकडे. मला वाटलं होतं मी कोसळेन. तसं काही झालं नाही. 'र' जरा वाकडा विणलाय एवढंच दिसलं.

कर्नलसाहेब बोलले. "त्या रानात मी माझ्या माणसांमध्ये उभा होतो, ती दुपार मी मरेपर्यंत विसरणार नाही." बायका रडल्या. एका म्हातारीने माझा हात दाबला.

चौघे का आले नाहीत? चौघेही? एखादा आजारी असेल, समजू शकते. मला राग आला आहे, हे लिहिते. ज्यांच्यासाठी एवढं केलं त्यांनी दोन तास काढू नयेत?

२ ऑगस्ट, रविवार

राग जाईना म्हणून अप्पर क्लीव्हला गेले. सीड केक नेला होता, समारंभातला, डब्यात ठेवलेला. फॅनीने डबा घेतला आणि उघडला नाही.

"तुम्ही आला नाहीत," मी एबला म्हटलं.

"नाही आलो."

"पहिली रांग होती. तुमची नावं घेतली. कर्नलसाहेबांनी स्वतः ब्वा-रनारचं—"

"आम्ही कधी त्याला ते म्हटलंच नाही, बाई," एब म्हणाला. "ब्वा काय ते. नकाशावरचं नाव ते. आम्ही रानाला नावच दिलं नव्हतं. नाव होतं ते वाटेला. रानातून शेतघराकडे चर खणलेला होता, गुडघ्याएवढा. त्याला पोरांनी दुपारी नाव ठेवलं, पास्कची पायवाट."

"पास्कची?" मी विचारलं.

"उत्तर नाही म्हणाला, ते सांगितलं होतं मी तुम्हाला. पण तुम्ही म्हणालात, कामं असतील."

"एब," फॅनी म्हणाली, "आता सांगून टाक नाहीतर मी सांगते."

त्याने हातातला बूट खाली ठेवला.

"पहिल्यांदा गेला तेव्हा शेतघरात कुणी नव्हतं. चुलीवर किटली होती, ती अजून गरम होती म्हणाला. माणूस एक नाही. गाड्याही नाहीत. येऊन कॅप्टन लीथच्या कानात सांगितलं, पण आम्ही ऐकलंच. दुसऱ्यांदा पाठवला, न जाणो परत आले असतील म्हणून. नव्हते. किटली गार झाली होती. तिसऱ्यांदा..." तो थांबला. "तिसऱ्यांदा कॅप्टन त्याला म्हणाले, पास्क, जा, आणि आता येऊ नकोस. सगळ्यांसमोर म्हणाले. कुणी वाईट वाटून घेतलं नाही. एकोणीस वर्षांचं पोर. एक तरी सुटू दे, असं सगळ्यांनाच वाटत होतं. शेतघरामागे रस्ता होता, बाई. मोकळा. सरळ चालत गेला असता तर आज..."

"मग?"

"तासाभराने आला. कोटात दोन पाव घेऊन. साहेब लोकांनी टेबलावर टाकलेले. म्हणाला, खाण्याचे हाल होतील म्हणून आणले. कॅप्टन लीथ त्याला इतक्या शिव्या देत होते आणि रडत होते. आम्ही पाव वाटून खाल्ले. मग जर्मन आले."

बाहेर कुणाची तरी कोंबडी ओरडत होती. बराच वेळ.

"गेल्या वर्षी एप्रिलमध्येच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कागद घेऊन आला होतात," एब म्हणाला. "तुम्हाला ते नाव हवं होतं. चौघांनी ठरवलं, मिळू दे बाईला. एक शब्द तेवढा खोडला. तो वर कुणीतरी वाचेल असं वाटलं."

तो शब्द वाचला गेला होता. मी वाचला होता.

४ ऑगस्ट

काल आणि आज कचेरीत गेले. रेजिमेंटच्या इतिहासाचं पुस्तक निघणार आहे. कर्नलसाहेब ब्वा-रनारचं प्रकरण सांगत होते आणि मी लिहून घेत होते. आता त्या प्रकरणात त्यांच्या हातात पिस्तूलही आहे. मध्येच थांबून म्हणाले, "ती कागदपत्रं तुम्ही जमवलीत म्हणून हे झालं, मिसेस पास्क. खरं सांगतो, इतकी वर्षं मला रात्री झोप नव्हती. आता लागते."

मी म्हटलं, "होय, साहेब."

त्या स्वच्छ पानाकडे पुन्हा जाऊन बघितलं. खाली दुमडलेल्या कोपऱ्यावर कागद बनवणाऱ्याची खूण आहे. बाकीच्या पानांवर ती नाही, म्हणजे हे पान नंतर दुसऱ्या कागदावर लिहिलेलं. गेल्या वर्षी मार्चमध्येही ती तिथेच होती.

९ ऑगस्ट, रविवार

आठवडाभर एकच विचार करते आहे. मला उद्या कॅप्टन हॉल्सकडे जाता येईल. पेटीत मूळ निवेदनं आहेत, पेन्सिलीच्या रेघांसकट. ती पुढे ठेवायची आणि एबने सांगितलेलं सगळं सांगायचं. ते तरुण आहेत, प्रामाणिक आहेत, पांढरे पडतील आणि लंडनला लिहितील. मग मुख्यालय हजर नव्हतं असं ठरेल, मागणी रद्द होईल, आणि कुणीतरी लहान कात्री घेऊन बसेल आणि दहावं नाव उसवेल. लेनचं रान. तो तिथे परत गेला होता, तीनदा, दुसरं कुणी गेलं नाही तेव्हा. खोटं काढायचं तर त्याच्यासकट निघतं. दोन्ही एकाच जरीने विणलेत, आणि विणले मी.

आज चौथी प्रत, ती पुसट, काढली आणि मागे शाईने लिहिलं: पास्कची पायवाट. बाबांच्या पितळी आकड्यांबरोबर फ्लॅनेलमध्ये ठेवली.

मग देवळात गेले. बाबांच्या निशाणाखाली बसले. या बाकावर आता मी एकटीच असते. प्रवचन चालू असताना वरून काहीतरी पडलं, मांडीवर, इतकं हलकं की कळलंही नसतं. जरीचा तुकडा, अक्षराचं टोक. कुठल्या नावातलं ते ओळखता येईना. त्या लढाईत कोण उभं होतं आणि कोण नव्हतं, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही.

उठताना तो हळूच बाकावर ठेवला, जिथे पडला तिथेच.

नवं निशाण पंचवीस-तीस वर्षं पलटणीबरोबर फिरेल. मग इथेच येईल, पलीकडच्या खांबावर जागा आहे. रेशमाला धूळ व्हायला शंभर वर्षं लागतात असं बाबा म्हणायचे. तोवर त्याला कुणी सुई लावू नये, म्हणजे झालं.